वरचा तलाठी आणि रामटेके मॅडम

आमचा जिल्हा फुटला तेव्हा आधी खुर्च्या वाटल्या, मग कपाटं, मग पंखे. भंडाऱ्याचं अर्धं कार्यालय गोंदियाला निघालं होतं आणि फाटकात टेम्पो उभा होता. भिंतीवरचं घड्याळ कोणाकडे जाणार यावरून दोन बाबूंची सकाळपासून जुंपली होती. दुपारी ते बंद आहे हे लक्षात आलं, तेव्हा दोघांनीही मोठ्या मनानं ते एकमेकांना देऊन टाकलं. शेवटी नकाशांची पाळी आली. त्यातला एक जुना कापडी नकाशा असा निघाला की नवी हद्द बरोबर त्याच्या पोटातून जात होती. अर्धा त्यांचा, अर्धा आपला, असा साहेबांनी न्याय केला आणि शिपायाला कात्री आणायला पाठवलं.

कात्री आली तेव्हा नकाशावर रामटेके मॅडम बसल्या होत्या. म्हणजे खरोखरच बसल्या होत्या. मोठ्या टेबलावर नकाशा पसरलेला, आणि त्याच्या मधोमध मांडी घालून ही पावणेपाच फुटांची बाई, चष्मा नाकावर, शाईचा पेन अंबाड्यात खोचलेला. त्या शांतपणे म्हणाल्या की कोणत्या तलावावरून कात्री चालवायची त्यावर साहेबांनी बोट ठेवावं, मी लगेच उठते. साहेबांनी बोट पुढं केलं, नकाशाकडे पाहिलं, आणि बोट मागं घेऊन त्याच बोटानं कान खाजवला. नकाशावर तलाव इतके होते की बोट ठेवायला कोरडी जागा नव्हती.

मॅडमनी तीन दिवस लावून त्या नकाशाची नक्कल काढली. टेम्पोवाला तीन दिवस आमच्या पटांगणात आंघोळ करायचा. चौथ्या दिवशी त्यांनी अस्सल नकाशा गोंदियाला देऊन टाकला आणि नक्कल स्वतःकडे ठेवली. मी विचारलं, असं उलटं काहून? त्या म्हणाल्या की अस्सलात इंग्रजांच्या चुका आहेत, नकलेत त्या मी दुरुस्त केल्या.

त्यांचं पद होतं अनुरेखक. ज्याला सरकारी कचेऱ्यांची सवय नाही त्याच्यासाठी सांगतो: अनुरेखक म्हणजे नकाशावर पारदर्शक कागद ठेवून खालची रेघ वर उतरवणारा माणूस. तीस वर्षं त्या हेच करत होत्या. भंडाऱ्याजवळच्या शहापूरकडच्या एका गावातल्या त्या. छप्पन साली दीक्षा घेतलेल्या घरातल्या. बापानं गावच्या तलावाचा गाळ टोपलीटोपलीनं उपसला होता, आणि मुलीनं पुढं भंडारा जिल्ह्यातला एकूण एक तलाव शाईनं काढला. गळ्यात काळ्या दोऱ्यात एक भिंग असायचं. जेवतानाही काढत नसत. भाजीत खडा आहे की मोहरी, हे त्या भिंगातून ठरवायच्या, आणि निर्णय अंतिम असायचा.

मी तेव्हा त्याच कार्यालयात वरिष्ठ लिपिक होतो. घरी बायको, दोन मुलं आणि स्कूटर. माझं काम पत्रं लिहिणं, आणि मॅडम दौऱ्यावर निघाल्या की कागदांची गुंडाळी धरून त्यांच्यासोबत जाणं. त्या मला बाबू म्हणत, आणि अहोजाहो करत. त्यांचा अहोजाहो ऐकून माणूस आपोआप सरळ उभा राहायचा.

जिल्हा फुटून काही वर्षं झाली आणि नागपूरहून पहिली गुंडाळी आली. उपग्रहानं वरून काढलेलं आमच्या भागाचं चित्र. सगळं कार्यालय जमलं. मॅडमनी चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवून ते उलगडलं. चित्र लालभडक होतं. वैनगंगा मधून काळ्या सापासारखी गेलेली, आणि दोन्ही बाजूंना लाल, लाल, नुसतं लाल. शिपाई म्हणाला, बाप्पा, कोणी कापलं का काय जिल्ह्याले. साहेबांनी हळूच विचारलं की एवढी आग कधी लागली आणि आपल्याला पत्र कसं नाही आलं.

मॅडमनी भिंग उचललं. त्या चित्रावर वाकल्या आणि बराच वेळ वर आल्याच नाहीत. आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. त्या म्हणाल्या की ही आग नाही, हे धान आहे.

मग त्यांनी आम्हाला समजावलं, आणि मी ते तेव्हापासून शंभर लोकांना समजावलं आहे, तेव्हा तुमचीही सुटका नाही. हिरवं पान सूर्याचा उजेड खातं. पण त्या उजेडात एक भाग असा असतो की तो पानाला नको असतो, ते तो जसाच्या तसा परत फेकतं. आपल्या डोळ्याला तो दिसत नाही. वरच्या यंत्राला दिसतो. आता जे दिसतच नाही त्याला कागदावर कोणता रंग द्यायचा? म्हणून लाल दिला. जितकं पान जिवंत, तितकं लाल. पाणी मात्र तोच उजेड पिऊन टाकतं, म्हणून तलाव काळे.

"म्हणजे बाबू," त्या मला म्हणाल्या, "आपण जन्मभर धान पाहून राहिलो, अन् धानाचा एक रंग आपल्याले कधी दिसलाच नाही."

मी मूळचा धानाच्या गावचा. त्या दिवशी संध्याकाळी घरी जाताना रस्त्याच्या कडेच्या बांध्यांकडे, म्हणजे धानाच्या वाफ्यांकडे, मी चोरून पाहिलं. हिरव्याच होत्या. पण मला त्यांचा जरा संशय आला, हे कबूल करतो.

त्या दिवसापासून मॅडम बदलल्या. त्यांनी उपग्रहाला नाव दिलं: वरचा तलाठी. रेल्वेनं मुंबई जेवढी लांब, जवळजवळ तेवढं उभं वर तो फिरतो, दर चोवीस दिवसांनी बरोबर आपल्या डोक्यावरून जातो, आणि कोणी चहा पाजला म्हणून एका बांधीचं जास्त लिहीत नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्यांनी दर चोविसाव्या दिवसाला लाल गोल केला. कार्यालयात त्या गोलांवर बरीच चर्चा झाली. एक गट म्हणायचा उपास आहे, दुसरा म्हणायचा औषध आहे. त्या गोलाच्या दिवशी साडेदहाच्या सुमाराला मॅडम पटांगणात जायच्या, पदर नीट करायच्या, वर पाहायच्या आणि परत येऊन कामाला लागायच्या. दिसायचं काहीच नाही. त्यांनाही ते माहीत होतं. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, साहेब दौऱ्यावर आले की उभं राहतो ना आपण?

श्रावणात त्यांची चिडचिड व्हायची. वरचा तलाठी येऊन जायचा आणि चित्रात नुसते ढग, पिंजलेल्या कापसासारखे. ढगानं खाल्लं, एवढंच म्हणून त्या डबा उघडायच्या आणि त्या दिवशी कोणाला लोणचं देत नसत.

मग आलं ते हातात धरायचं यंत्र. साबणाच्या वडीएवढं. उघड्यावर धरलं की आकाशातल्या निरनिराळ्या उपग्रहांना विचारून आपण पृथ्वीवर नेमके कुठं उभे आहोत ते सांगायचं. त्यासाठी किमान चार उपग्रह सापडावे लागायचे. मॅडमच्या लुनाच्या मागं बसून मी ते यंत्र घेऊन किती गावं पालथी घातली, माझ्या कमरेला विचारा. लुनेवर बसून ही बाई आकाशाची कामं करते, यावर कार्यालयानं जितके विनोद केले तितके सगळे मॅडमना पाठ होते. नवीन माणूस आला की त्याला त्या स्वतःच ऐकवायच्या, म्हणजे पुढचा वेळ वाचतो.

एका गावी सरपंचाच्या अंगणात मॅडम यंत्र धरून उभ्या. सरपंचीणबाईंनी विचारलं, थांबल्या काहून? मॅडम म्हणाल्या, तिघं आले, चौथ्याची वाट पाहून राहिलो, तो आंब्याच्या झाडामागं आहे. बाईंनी आंब्याकडे पाहिलं, आत गेल्या, आणि चार कप चहा जास्तीचा टाकला. येणारे आकाशातून येणार नाहीत हे सांगायची हिंमत आम्हाला झाली नाही. मी तीन कप प्यालो, मॅडमनी तीन. त्याच अंगणात एक म्हातारबाबा खाटेवर बसून हे सगळं पाहत होते. त्यांनी यंत्र हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "मी माह्या अंगणात बसलो हे मले माहीत आहे जी. हे वरच्याले काहून विचारता?" मॅडम हसल्या नाहीत. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाल्या की बाबाचा प्रश्न लिहून ठेवण्यासारखा होता.

आता तलावांची गोष्ट. आमच्या भागात जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, काळातले तलाव इतके आहेत की गाव सांगताना माणूस आधी तलाव सांगतो. त्यातले किती जिवंत आणि किती मेलेले, याची यादी करायचा हुकूम आमच्या कार्यालयाला आला. जिवंत म्हणजे ज्यात पाणी आहे. मेलेला म्हणजे ज्याच्या पोटात लोकांनी धान लावलं आणि तलाव फक्त नकाशावर उरला. जो मेला त्याच्या पाळीची, म्हणजे काठच्या मातीच्या बांधाची, दुरुस्ती होणार नव्हती, आणि मासेमारीचा ठेकाही पुन्हा मिळणार नव्हता. काम मॅडमकडे आलं. ऑक्टोबरचं चित्र त्यांच्यासमोर होतं, आणि ढगाचा एक ठिपका नव्हता. जिथं नकाशावर तलाव आणि चित्रात काळं, तिथं निळी खूण. जिथं नकाशावर तलाव आणि चित्रात लाल, तिथं फुली.

फुली मारण्याआधी त्या प्रत्येक जागी जाऊन यायच्या, हा त्यांचा नियम. पण यादीची तारीख जवळ आली होती. शेवटी नऊ फुल्या अशा उरल्या की जिथं त्या गेल्या नाहीत. रंग इतका स्वच्छ होता, त्या मला म्हणाल्या, की जायची गरज वाटली नाही. यादी गावागावांत हरकतींसाठी लागली. मुदत संपली. साहेबांनी सही केली. सोमवारी कागद वर जायचे होते.

शनिवारी, म्हणजे मुदत संपून दोन दिवसांनी, एक म्हातारा आणि एक बाई कार्यालयात आले. म्हातारा काटक, काळा, पायात चपला नाहीत. नाव दसरू. तुमसरच्या बाजूला चिखलटोला म्हणून गाव आहे, तिथल्या ढिवरांच्या मच्छीमार संस्थेचा तो अध्यक्ष. सोबतची बाई त्याची सून शेवंता. तिच्या डोक्यावर पोतं. यादी ग्रामपंचायतीच्या दारावर लागली होती, आणि ढिवरांची वस्ती तलावाच्या पलीकडच्या काठाला. त्यांना कळलं तेव्हा हरकतीची तारीख गेलेली.

दसरूनं आवाज चढवला नाही. कोणत्या टेबलावर त्याचा तलाव मेला, एवढंच विचारलं. मी बोट दाखवलं. शेवंतानं पोतं मॅडमच्या टेबलावर, उघड्या चित्रावर, ओतलं. शिंगाडे. उकडलेले, काळे, शिंगं वर केलेले. वैनगंगेवरून घरंगळत खाली पडले. एक माझ्या पायाशी आला.

दसरू म्हणाला, "तुमी म्हणता तलाव मेला. मंग हे कोणाच्या मढ्यावर पिकलं जी?"

मॅडमनी एक शिंगाडा उचलला. सोलला. दाताखाली धरला आणि चावायचं विसरून गेल्या. मग त्यांनी हातानं शिंगाडे बाजूला सारले, चिखलटोल्यावर भिंग ठेवलं आणि वाकल्या. मी त्यांच्या मागं उभा होतो. मला त्यांची मान दिसत होती, आणि ती हळूहळू लाल होत गेली.

तुमच्या लक्षात आलंच असेल. शिंगाड्याचा वेल पाण्यावर पसरतो. पावसाळा संपता संपता अख्खा तलाव पानांनी असा झाकतो की पाणी बोटभरही दिसत नाही. पान जिवंत असलं की उजेड परत फेकतं, मग ते चिखलात असो की पाण्यावर. वरच्या तलाठ्यानं जे होतं ते लिहिलं. भोवती धान, ते लाल. मधे शिंगाडा, तोही लाल. भंडारा जिल्ह्यातच जन्मलेल्या, दर दिवाळीला शिंगाडे खाणाऱ्या बाईनं त्या लालावर फुली मारली.

त्या उठल्या आणि साहेबांकडे गेल्या. मी मागोमाग, दसरू माझ्या मागोमाग, शेवंता दाराशी. साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं नियम सांगितला. मुदत गेली, सही झाली. आता बदल करायचा तर चूक कोणाची ते लेखी द्यावं लागेल, आणि जागेवर जाऊन मोजलेला पुरावा सोमवारी सकाळी टेबलावर पाहिजे. मग तो मॅडमकडे पाहून जरा खट्याळपणे म्हणाला की तुम्हीच तर सांगत होत्या, वरचा तलाठी खोटं लिहीत नाही.

"तो खोटं बोलला नाही साहेब," मॅडम म्हणाल्या. "त्यानं लाल सांगतलं. धान म्हटलं ते मी."

साहेबांचं हसू गेलं. त्यानं समजावलं, अगदी मनापासून समजावलं. मॅडमच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. तीस वर्षांच्या सेवापुस्तकात एक शेरा नाही. लेखी दिलं की शेरा पडणार, आणि तोही शेवटच्या पानावर. एका तलावासाठी? पुढच्या वर्षीच्या यादीत दुरुस्ती करता येईल. दसरूनं मागून विचारलं की यंदा ठेका गेला तर पुढच्या वर्षी आम्ही कोणत्या पाण्यात उभं राहायचं.

मॅडमनी कागद मागितला आणि उभ्याउभ्या लिहून दिलं. मी त्यांचे शेकडो मसुदे वाचले होते. इतका छोटा कधी पाहिला नव्हता.

रविवारी सकाळी लुना तुमसरच्या रस्त्याला लागली. माझ्या मांडीवर गुंडाळी, मॅडमच्या पिशवीत यंत्र. चिखलटोल्याच्या पाळीवर पोचलो तेव्हा ढिवरटोलीतल्या बाया पाण्यात होत्या, कमरेएवढ्या वेलात, शिंगाडे तोडत. मधे दोन डोंगे, झाडाचं खोड कोरून केलेले, एका माणसाच्या रुंदीचे. अर्धा तलाव अजून हिरवा होता.

मॅडमनी पाळीवर चित्र उलगडलं आणि दसरूला बोलावलं. मला वाटलं, त्या त्याला समजावणार. त्यांनाही तसंच वाटलं असावं. दसरू उकिडवा बसला. कागद त्यानं दोन्ही हातांनी धरला आणि हळूहळू फिरवत नेला, थांबला, जरा परत फिरवला. कागदावरचा तलाव समोरच्या तलावाशी जुळला तेव्हा त्याचे हात थांबले. शाळेत न गेलेला माणूस. त्यानं कधी नकाशा हातात घेतला नव्हता. मॅडमनी मला डोळ्यानं गप्प केलं.

त्यानं नखानं एक जागा दाखवली. इथं गडद आहे, म्हणाला, इथं गाळ खोल, वेल जाड येतो. मग बोट सरकत गेलं. मधली ही पट्टी शेवंताच्या भावाची, त्यानं वेल उशिरा लावला. आणि मग एका कोपऱ्यावर बोट थांबलं.

"हे फिक्कं पाहा जी. इथं किडा लागला होता. पानं खाल्ले त्यानं. हे कोणं सांगतलं वरच्याले?"

मॅडमनी भिंग लावलं. कोपऱ्यात खरंच फिकट ठिपके होते, जोंधळ्याच्या दाण्याएवढे. त्यांनी ते आधी पाहिले होते आणि छपाईचा दोष म्हणून सोडून दिले होते. आता त्या एकदा चित्राकडे पाहायच्या, एकदा दसरूकडे. मुंबईएवढ्या उंचीवरून यंत्रानं एका किड्याची खोडी टिपली होती, आणि ती वाचायला हा माणूस लागला. मॅडमनी गळ्यातलं भिंग काढून त्याच्यापुढं धरलं. त्यांनी ते कोणाला दिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. दसरू म्हणाला, राहू द्या जी, मले दिसते.

मग मोजणी. पाळीवरून चालून तलावाची कड मिळाली असती, पण वेलाची कड नाही, आणि साहेबांना दाखवायचं होतं ते हेच, की हिरव्याच्या खाली पाणी आहे. म्हणजे डोंग्यात बसणं आलं. आणि रामटेके मॅडम, ज्यांनी जिल्ह्याचा प्रत्येक तलाव शाईनं काढला होता, त्यांना पोहता येत नव्हतं. हे त्यांनी मला पाळीवर, चपला काढताना, हळूच सांगितलं. चपला माझ्या हातात दिल्या. मी ती जबाबदारी प्रामाणिकपणे पार पाडली.

डोंगा डुलला. मॅडम मधे बसल्या, एका हातात यंत्र, दुसऱ्या हातानं काठ असा घट्ट धरलेला की बोटं पांढरी. मागं दसरू उभा राहून बांबू रेटत होता. पाण्यातल्या बायांना एवढी करमणूक वर्षात मिळाली नसावी. शेवंता ओरडली, "मॅडम, हलू नका, नाही तं यंत्रासंगं तुमालेही वेचा लागन." सगळ्या हसल्या. मॅडमही हसल्या, त्यामुळे डोंगा हलला, त्यामुळे सगळ्या पुन्हा हसल्या. प्रत्येक वळणावर मॅडम यंत्र वर धरून थांबायच्या आणि आकडे पाण्यावरून मला ओरडून सांगायच्या. दसरू बांबू उभा खुपसून ओला भाग हातानं मोजायचा आणि पाणी किती ते ओरडायचा. मी पाळीवर एका काखेत चपला धरून लिहीत होतो. दोन हातांचा एक आकडा आणि आकाशाचा एक आकडा, शेजारी शेजारी. तो कागद मी आजही डोळ्यांसमोर आणू शकतो. त्यावर पाण्याचे थेंब कसे पडले ते मात्र आठवत नाही, कारण मी तर कोरडा होतो.

सोमवारी साहेबांनी तो कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि यादी परत मागवली. चिखलटोल्याच्या नावापुढची फुली गेली. ठेका राहिला. शेराही पडला. तो मलाच लिहायचा होता, आणि मी भरलेल्या पेनात पुन्हा शाई भरत बसलो. मॅडमनी खुर्ची ओढली आणि शेजारी बसल्या.

"शेऱ्यात तलावाचं नाव लिहा, बाबू," त्या म्हणाल्या. "पुढं कोणी वाचलं तं त्याले समजन का तिथं पाणी होतं."

मी लिहिलं. गाव, तलाव, सर्व्हे नंबर, आणि त्यांच्या सांगण्यावरून पाण्याची खोलीही. सेवापुस्तकातला इतका सविस्तर शेरा कोणाच्या वाट्याला आला नसेल.

दुसऱ्या कोणी तिथं थांबलं असतं. पण फुल्या नऊ होत्या. एक चुकली तर उरलेल्या आठांचं काय? यादी आता सुधारून गेली होती, कोणी विचारत नव्हतं. मॅडम सुट्ट्या टाकून जाऊ लागल्या. कधी मी सोबत, कधी एकट्या. तीन तलाव खरोखर मेलेले निघाले. त्यांच्या पोटात लाखोरीच्या डाळीचं पीक उभं होतं, आणि मॅडम बांधावर जरा वेळ थांबून परत फिरल्या. चार जिवंत निघाले. एकात शिंगाडा, एकात कमळ, दोहोंत नुसती बेशरमाची झुडपं माजलेली, पण खाली पाणी. प्रत्येकासाठी त्यांनी वेगळं पत्र दिलं आणि प्रत्येकात चूक माझी असं लिहिलं. साहेब शेवटी म्हणाला की मॅडम, आता सेवापुस्तकाला पुरवणी जोडावी लागेल.

एक राहिला. शहापूरच्या पुढं, महामार्ग सोडून आत, त्यांच्या स्वतःच्या गावापासून दोन कोसांवर. जवळचा म्हणून मागं पडलेला.

फेब्रुवारीचा शेवटचा दिवस. मॅडमची निवृत्ती. कार्यालयात शाल, नारळ आणि पितळी समई मांडली होती. समई भंडाऱ्याचीच, चांगली जड. साहेबांनी भाषण पाठ केलं होतं. चार वाजले, मॅडम नाहीत. सकाळी सही करून लुना घेऊन गेल्या, एवढंच शिपायाला माहीत. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी स्कूटर काढली.

पाळीवर लुना उभी होती. हँडलला पिशवी, खाली चपला, एकीवर एक ठेवलेल्या. तलाव म्हणावा असं समोर काही नव्हतं. काठापासून काठापर्यंत हिरवा गालिचा, त्यात बगळे चालत होते, म्हणजे जमीन की पाणी ते पाळीवरून सांगणं शक्य नव्हतं. मॅडम आत होत्या, चांगल्या पन्नास पावलं आत. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. सकाळी निरोपासाठी नेसून आल्या होत्या ती, मोरपंखी, नवी. कपडे बदलायला घरी गेल्या नव्हत्या.

मी हाक मारायला तोंड उघडलं होतं. मग मिटलं. साहेबांना काय सांगायचं ते शहापूरपासून भंडाऱ्यापर्यंत जुळवता आलं असतं. रस्ता काही लहान नाही. त्यांनी यंत्र छातीशी धरून एक पाऊल पुढं टाकलं, थांबल्या, आणि यंत्र ब्लाउजच्या गळ्यात खोचून मोकळे झालेले दोन्ही हात वेलात घातले. बगळे उडाले. मॅडमना पत्ता नव्हता. त्या वाकल्या होत्या, दोन्ही हातांनी पानं बाजूला सारत होत्या, आणि जिथं सारली होती तिथून त्यांच्या चेहऱ्यावर खालून उजेड हलत होता.